‘ए’समोरचा शिक्का

"यात मोटरसायकल नाही." लेकनं सर्जेरावांची पुस्तिका त्यांच्याच हातात परत ठेवली. "तुम्हाला मोटार चालवता येईल. मोटरसायकल नाही."

सर्जेराव हसले. कराडात त्यांचं सिमेंटचं मोठं दुकान आहे, त्यांना कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे ‘नाही’ ऐकू आलं की ते आधी हसतात, मग दुसऱ्यांदा विचारतात, मग आवाज चढवतात. तिन्ही करून झालं. लेक ढिम्म.

लेक म्हणजे चियांग माईच्या त्या भाड्यानं गाड्या देणाऱ्या दुकानाची मालकीण. पन्नाशीची, बुटकी, कमरेला चाव्यांचा जुडगा. आदल्या दिवशी नाव ऐकलं तेव्हा आम्ही बायका खिदळलो होतो, की बघा, एवढं विमानानं आलो आणि इथंही लेकच भेटली. तिला अर्थ सांगितल्यावर तीही हसली होती. आज मात्र कागद बघताना तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

आम्ही आठ जण. कराडची चार जोडपी. पुरुषांनी वर्षभरापूर्वी ‘घाटवाघ’ नावाचा मोटरसायकलींचा क्लब काढलेला. पाठीवर वाघाचं तोंड असलेली भगवी जाकिटं शिवून घेतली होती आणि आम्हा बायकांना त्याच रंगाचे टी-शर्ट. थायलंडच्या उत्तरेला पाई नावाचं गाव आहे, तिथं जाणाऱ्या घाटात सातशेवर वळणं आहेत म्हणे. ती वळणं घ्यायला हे चार वाघ आले होते. आम्ही मागं बसणार होतो. सामानाला एक व्हॅन ठरवलेली.

"अहो बाई, लायसन आहे की!" माझे यजमान, प्रतापराव, पुढं झाले आणि त्यांनी आपलं भारतातलं लायसन काउंटरवर आपटलं. "हे बघा. टू-व्हीलर. विथ गिअर. तीस वर्षं चालवतोय."

लेकनं शांतपणे यांच्या पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. परदेशात गाडी चालवायला आपल्याकडचं लायसन पुरत नाही, त्याच्याबरोबर ही करड्या रंगाची आंतरराष्ट्रीय परवान्याची पुस्तिका लागते. त्या पानावर ए, बी, सी अशी ओळीनं अक्षरं असतात. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे मोटार. ज्या वाहनाची परवानगी, त्याच्यासमोर शिक्का. यांच्या पुस्तिकेत ‘बी’समोर गोल निळा शिक्का होता आणि ‘ए’समोरची जागा कोरी होती. चौघांचंही तसंच.

झालं होतं असं की चौघांनी कागद एकाच एजंटाकडे टाकले होते. परदेशात माणूस गाडी चालवणार म्हणजे मोटारच, असं धरून त्यानं फॉर्मात एकाच ठिकाणी खूण केली. पुस्तिका घरी आल्यावर यांनी फोटो कसा आलाय तेवढा बघितला आणि तिच्यासह स्वतःचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. शेवटचं पान एकानंही उघडलं नाही.

मी उघडलं होतं. दोनदा. कारण माझ्या पर्समध्ये माझी स्वतःची पुस्तिका होती आणि ती कुणालाच माहीत नव्हती.

"पलीकडच्या गल्लीत एक जण कागद न बघता देतोय," सर्जेराव मराठीत पुटपुटले. "चला रे."

त्यांना वाटलं लेकला कळणार नाही. पण असली माणसं रोज बघणाऱ्या बाईला काय कळायचं राहतं? तिनं बोटानं दुकानाचा कोपरा दाखवला. तिथं एक मोटरसायकल ठेवली होती, पुढचं चाक पार आत गेलेली.

"तो पण तसाच गेला होता," ती तिच्या तोडक्या इंग्रजीत म्हणाली. "शिक्का नाही, तर विमा नाही. हॉस्पिटल त्याचं त्यानं बघायचं. आणि घाटाच्या तोंडाशी पोलीस उभे असतात. रोज. परदेशी दिसला की थांबवतात."

 वाघांपैकी कुणी टाळू खाजवतोय, कुणी उगीचच हेल्मेटची पट्टी सोडतोय, बांधतोय. शकूवहिनी, म्हणजे सर्जेरावांची बायको, माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आता हे दिवसभर आपल्यावर डाफरणार बघा."

 खोटं कशाला सांगू? मी त्या पुस्तिकेसाठी चार महिने खपले होते. तिकिटं निघाली त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं, की त्या घाटात एकदा तरी गाडी माझ्या हातात यावी. माहेरी कागलला दर पंधरा दिवसांनी जाऊन भावाच्या गाडीवर हात साफ करत होते. घरी सांगायची, आईला बरं नाही. आई ठणठणीत होती आणि अंगणात खुर्ची टाकून मला ओरडत होती, "क्लच सावकाश सोड की गं!" पण थायलंडला गेल्यावर यांना कसं सांगायचं, हे मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं. आता सांगण्यासारखं होतं आणि तोंड उघडत नव्हतं.

"मग बुकिंग रद्द करा," हे म्हणाले. "सगळे व्हॅनमधून जाऊ. काय करणार!"

त्यावर माझ्या तोंडून निघालं, "मी चालवतो."

चालवतो! चालवते नव्हे. आमच्या कागल-निपाणीकडच्या पोरी अशाच बोलतात, मी जातो, मी येतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी टोकून टोकून ते माझ्या तोंडातून काढलं होतं. एकतीस वर्षांत चुकूनही आलं नव्हतं, ते त्या दिवशी थायलंडात आलं.

"काय?" हे म्हणाले.

"माझ्याकडं आहे परवाना. ‘ए’समोर शिक्का आहे." मी पर्समधून पुस्तिका काढली. बरोबर लायसन काढलं. पासपोर्ट काढला. तिन्ही काउंटरवर मांडले. 

"हिला काय येतंय?" हे सर्जेरावांकडे बघून हसले. "अहो, माहेरी लुना का कायशी चालवायची."

"राजदूत," मी म्हटलं. "आमचे वडील पडले होते, पाय मोडला होता त्यांचा. दीड वर्षं दुधाच्या किटल्या दोन्हीकडं अडकवून डेअरीला मी घालत होते. लुनावर किटल्या बसतात का?"

"बरं, राजदूत. तीस वर्षांपूर्वी! वेड लागलंय का तुला? चार लोकांत तमाशा नको, आत ठेव ते."

"नाही ठेवत."

"प्रतिभा!"

"ओरडू नका. त्यांना कागद बघू दे."

लेक कागद बघतच होती. तिनं शेवटचं पान उघडलं, शिक्क्यावर बोट ठेवलं, मान डोलावली. मग पासपोर्ट उघडला. मग पुन्हा पुस्तिका. मग पासपोर्ट. तिच्या कपाळावर आठी पडली. मला माहीत होतं ती कुठं अडली ते.

"फोटो एक," ती म्हणाली. "नावं दोन."

पासपोर्टवर होतं, प्रतिभा प्रताप डुबल. लायसनवर आणि पुस्तिकेवर होतं, इंदुमती राजाराम चौगुले.

"काय भानगड आहे?" सर्जेरावांनी मान वाकवून बघितलं. "वहिनी, लायसनवर नाव बदललंच नाही तुम्ही?"

"नाही."

"एकतीस वर्षं?"

"एकतीस वर्षं."

कितीदा नूतनीकरणाला गेले, दर वेळी कारकून सांगायचा, बाई, एक फॉर्म भरा, लगेच बदलून मिळेल. मी म्हणायची, पुढच्या वेळी. रेशन कार्डावर बदललं, बँकेत बदललं, मतदार यादीत बदललं, पासपोर्ट काढला तो नव्याच नावानं. तेवढं लायसन राहू दिलं. परवान्याची पुस्तिका लायसनप्रमाणे निघते, म्हणून तिच्यासाठी लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. आमच्या आरटीओ ऑफिसात ते चाललं. दाखल्याची प्रत मी बरोबर आणली होती, ती लेकसमोर ठेवली. ती मराठीत होती. लेकनं ती उलटी धरली, सुलटी धरली आणि हसून परत दिली.

"तुम्ही नाव का बदललं?" तिनं विचारलं. "आधीचं अशुभ होतं?"

"अशुभ नव्हतं. आमच्यात लग्नात बदलतात."

"आडनाव?"

"दोन्ही. पहिलंसुद्धा."

तिला खरं वाटेना. मी हातानं ताट दाखवलं, तांदूळ दाखवले, अंगठीनं तांदळावर अक्षरं कशी काढतात ते दाखवलं. लग्नाच्या दिवशी नवरा ताटात नाव लिहितो आणि त्या दिवसापासून बायको ती होते. यांचं प्रताप, म्हणून मला प्रतिभा. जोडी जमायला पाहिजे ना! खुर्च्यांच्या कापडाला पडदे जुळवतात तसं.

"आमच्याकडं पण लोक नाव बदलतात," लेक म्हणाली. "मी दोनदा बदललं. एकदा आजारी पडायचे म्हणून, एकदा दुकान काढलं तेव्हा. भिक्षूला विचारून, पण मी बदललं. तुमचं कुणी ठरवलं?"

"यांच्या आईनं."

"तुम्हाला विचारलं?"

मी नकारार्थी मान हलवली. शकूवहिनी हळूच म्हणाल्या, "आम्हाला तरी कुणी विचारलं होतं?" त्या माहेरच्या विजया, हे मला त्या दिवशी कळलं. अठरा वर्षं आमची ओळख.

 मग लेकनं लायसन पुस्तिकेखाली सरकवलं, पुस्तिकेवरचं नाव तळहातानं झाकलं आणि ती माझ्या यजमानांकडे वळली.

"तुम्ही नवरा?"

"हो."

"ही तीच बाई आहे, तुम्ही सांगा. लग्नाआधी हिचं नाव काय?"

साधा प्रश्न. शकूवहिनींना गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "नाव घ्या, नाव घ्या! आजवर आमच्याकडनं उखाणे घेतलेत, आज भावजींनी नाव घ्यायचं!" बाकीच्या दोघींनीही सूर धरला. "नाव घ्या! नाव घ्या!"

हे हसले. "चौगुले," म्हणाले.

"ते आडनाव झालं," लेक म्हणाली. "पहिलं?"

"बेबी."

लेकनं तळहाताची कड उचलून आत डोकावलं. "नाही."

"अहो, बेबीच म्हणतात हिला घरी. हिचे भाऊ, आई, सगळे. बेबी चौगुले."

"ते घरातलं," लेक म्हणाली. "मला पण सगळे लेक म्हणतात, ते माझं कागदावरचं नाव नाही. खरं नाव?"

यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मला कळलं. टाळ्या एकेक करून थांबल्या. शकूवहिनींचा हात तसाच अर्धवट राहिला.

"सुमती," हे म्हणाले. "सुमन. असंच काहीतरी होतं. पत्रिकेत होतं ना गं?"

माणूस वाईट नाही. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या आठवणीनं आणणारा, मी आजारी असले की भांडी घासणारा. कुणाकुणाची गाडी कोणत्या सालची, नंबर काय, हे यांना पाठ. सर्जेरावांनी विकून टाकलेल्या गाडीचा नंबरसुद्धा सांगतील.  मला आधी लाज वाटली, यांच्याऐवजी मलाच. मग असा राग आला, असा राग आला, की कान तापले. एकतीस वर्षं मी ते नाव एका कार्डावर जपून ठेवलं होतं, आणि ज्यानं ते पुसलं त्याला काय पुसलं तेसुद्धा आठवत नव्हतं.

"राहू दे," मी लेकला म्हटलं. "यांना विचारू नका. मी सांगते. इंदुमती. माझ्या आजीनं ठेवलेलं. माझ्या वडिलांना इंदू म्हणायला आवडायचं. बेबी भावांनी केलं."

"अगं, मग तेच की, इंदुमती!" हे म्हणाले. "आलं होतं जिभेवर."

"नव्हतं आलं."

"बरं नव्हतं. आता काय फाशी देणार का मला? चल, व्हॅनमध्ये बसू. लेक बाई, रद्द करा हो."

"एक गाडी रद्द होणार नाही," मी म्हटलं. "तुम्ही बसा व्हॅनमध्ये. तुम्हाला परवाना नाही."

असं मी यांच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. सर्जेराव खाकरले. "वहिनी, परदेश आहे हा. काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझा विमा आहे, भावजी. तुमचाच नाही."

लेकनं चाव्यांचा जुडगा कमरेचा सोडला. "आधी मला दाखवा," म्हणाली.

दुकानामागं मोकळं अंगण होतं. तिथं तिनं प्लास्टिकच्या चार बादल्या उलट्या ठेवल्या. मी टी-शर्टवर सर्जेरावांचं जाकीट चढवलं, त्यांनीच काढून दिलं, ते मान्य केलं पाहिजे. हेल्मेट घातलं. तीनशे सीसीची गाडी होती, राजदूतच्या मानानं अगदी शहाणी. पहिल्या फेरीला एक बादली उडवली. पुरुष हसले. दुसऱ्या फेरीला एकही नाही. तिसऱ्या फेरीला लेकनं हात वर केला, पुरे.

काउंटरवर तिनं करारनामा पुढं केला. "परवान्यावर जे नाव, त्याच नावानं सही."

मी इंदुमती लिहिलं. अक्षर शाळेतल्यासारखं आलं, गोल गोल, कारण त्या नावाची मोठेपणची सहीच मी कधी केली नव्हती. लेकनं त्याच कागदाच्या कोपऱ्यात थाई लिपीत दोन-तीन ओळी लिहिल्या आणि वर दुकानाचा शिक्का मारला.

"पोलिसाला दाखवा," म्हणाली.

गाडी बाहेर काढली तर शकूवहिनी माझ्यामागं हेल्मेट घेऊन उभ्या. "बसू का? व्हॅनमध्ये चार वाघ रुसून बसलेत, श्वास कोंडेल माझा."

"बसा, विजयाताई."

बसल्यावर त्यांनी मला गच्च धरलं.

शहर मागं पडेपर्यंत मी दर सिग्नलला घामाघूम होत होते. आपल्यासारखीच डावी बाजू, एवढं बरं. पुढं रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे सागाची झाडं, समोर डोंगर. तिसऱ्यावरून चौथ्या गिअरला टाकली तशी शकूवहिनींनी मागून आरोळी ठोकली. व्हॅन आमच्या मागं येत होती. आरशात तिच्या काचेमागं भगवी जाकिटं दिसत होती.

घाटाच्या तोंडाशी पोलीस खरंच उभे होते. एका तरुण शिपायानं मला कडेला घेतलं. मी सगळे कागद दिले. त्यानं पुस्तिका बघितली, शिक्का बघितला, पासपोर्ट उघडला आणि लेक अडली होती तिथंच तोही अडला.

"दोन नावं?" त्याचा आवाज कडक झाला.

व्हॅन मागं थांबली होती. दार सरकलं आणि हे धावत आले. "थांब, तू बोलू नको. मी सांगतो त्याला."

"तुम्ही काय सांगणार?"

"इंदुमती! पाठ केलंय मी येताना." यांनी शिपायाकडे बघून छातीवर हात ठेवला. "सर, माय वाइफ. मी सांगतो, सर..."

मी करारनामा उलगडून शिपायापुढं धरला आणि कोपरा दाखवला. त्यानं लेकच्या ओळी वाचल्या. एकदा वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि तो मोठ्यानं हसला. शेजारच्या शिपायाला बोलावून दाखवल्या. तोही हसला.

"काय लिहिलंय?" यांनी विचारलं.

त्या पोरानं इंग्रजीत एकेक शब्द जुळवून सांगितलं, "नावं दोन, बाई एकच. गाडी नीट चालवते. नवऱ्याला विचारू नये. त्याला माहीत नाही."

यांचा छातीवरचा हात खाली आला. शकूवहिनी मागं हसू दाबत होत्या, त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर खटखट आपटत होतं. मला हसू आलं नाही. याला आता सात वर्षं झाली, अजून येत नाही.

शिपायानं नोंदवही घेतली. पुस्तिका डोळ्यांसमोर धरून तो एकेक अक्षर मोठ्यानं वाचत लिहू लागला, चुकत, अडखळत. "इन-दु-म-ती. रा-चा-राम. चाउ-गु-ले." आणि मान वर करून त्यानं माझ्याकडे बघितलं, बरोबर का, असं.

"हजर!" मी म्हटलं.

एवढ्या जोरात म्हटलं की दोन्ही शिपाई दचकले. त्यांना शब्द कळला नाही. व्हॅनमधल्या सगळ्यांना कळला. शिपायानं कागद परत दिले आणि घाटाकडे हात केला.

हे अजून रस्त्याच्या कडेलाच उभे होते. व्हॅनकडे न जाता, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणून बघत होते. पहिल्यांदा मला वाटलं, मला हाक मारतायत. मग कळलं, इंदुमती, इंदुमती असं घोकतायत. मी पहिला गिअर टाकला आणि निघाले.